हिराबाईला कळवायचं राहिलं

आमच्या आक्का दुपारी कधी झोपत नसत. त्यामुळे त्यांच्या शेजारणीचा फोन आला आणि ती म्हणाली, "काकू, आक्का दुपारच्या झोपल्यात आणि उठत नाहीत," तेव्हा पुढचं तिने काही सांगायची गरजच उरली नाही. श्रावणातला सोमवार होता, मी साबुदाणा भिजत घातला होता. फोन ह्यांच्या हातात दिला आणि चपला शोधायला लागले, त्या सापडेनात, शेवटी ह्यांच्याच चपला पायात सरकवून रिक्षात बसले. पंचवटीत पोचलो तर आक्का भिंतीकडे तोंड करून आडव्या. मशीनवर येवल्याच्या कुठल्याशा पैठणीवरचं ब्लाउज अर्धवट शिवलेलं, सुई अजून कापडात रुतलेली. खरं सांगते, मला आधी रडू आलंच नाही, राग आला. जन्मभर सगळ्या गल्लीला हाका मारत फिरलेली बाई, आणि निघताना मात्र कुणाला हाक दिली नाही...

आक्का म्हणजे माझी सख्खी नणंद, ह्यांची थोरली बहीण. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य जगाला ठाऊक आहे, आणि आमचंही पहिली काही वर्षं अगदी तसंच होतं. त्यांना सायखेड्याला दिलेलं. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरी येऊन राहायला त्यांनी ठाम नकार दिला, पंचवटीत दोन खोल्या घेतल्या आणि शिलाईचं मशीन मांडलं. "भावजयीच्या राज्यात चहा मागून प्यावा लागतो," असं माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "आणि नणंद घरात असली की भावजयीला चोरून." त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकदम हसलो, आणि तिथून आमचं जमलं. त्यांच्या पायाला भिंगरी, माझं बूड जड. त्या मशीनवर बसल्या तरी पाय चालूच असायचे, आणि मशीन थांबलं की बाई उभी. चहाचा कप कधी बसून संपवला नाही. अर्धा कप हातात घेऊन दारात जातील, रस्त्यावरच्या कुणाशी तरी बोलतील, परत येतील आणि म्हणतील, "गार झाला गं." मी चिडायचे. एकदा तर म्हणाले, "आक्का, तुम्हाला खुर्चीला बांधून चहा पाजायला पाहिजे." त्यावर त्या म्हणाल्या, "खुर्ची घेऊन जाईन."

आम्ही दोघी दरवर्षी ज्या डोंगरावर फुलं बघायला जायचो, त्याची आणि आमची ओळख करून दिली ती हिराबाईने. ती पेठच्या पुढच्या डोंगरातली. भाताची कापणी उरकली की तिकडची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात, तशी ती दरवर्षी यायची, आणि पेठ नाक्याजवळ तिच्या गाववाल्यांची पालं पडायची. कुणीतरी सांगितलं म्हणून ब्लाउज शिवायला आक्कांकडे आली. मापं द्यायला उभी राहिली आणि मशीनवरच्या पैठणीकडे बघत म्हणाली, "आमच्या पठारावर भादव्यात असाच रंग पडतो." झालं! आक्कांनी टेप गळ्यात टाकली आणि मापं राहिली बाजूला. कुठे, कसं, कोणत्या बसने, कधी यायचं? हिराबाई म्हणाली, "या की. आषाढात बी या, भादव्यात बी या. पन तेरा झाल्याबिगर येऊ नका."

आता 'तेरा' म्हटल्यावर नाशिकच्या बाईला काय कळणार? आक्कांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि आषाढात येणाऱ्या तेरा तारखेभोवती गोल केला. का तेराच, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही नाही. असेल काही त्यांच्यातलं, म्हणून दोघींनी माना डोलावल्या. आणि तेरा जुलैला एसटीने सावळघाट चढून, पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन, हिराबाईच्या दारात उतरलो तेव्हा हाताचा पंजा दिसू नये असं धुकं आणि आडवा पाऊस. हिराबाई गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होती. आम्हाला बघून ती बांधावर आली आणि म्हणाली, "अगं बाय, तेरा तं झालाच नाय अजून!" आक्का ठसक्यात म्हणाल्या, "झाला कसा नाही? आज तेराच आहे." मग जो काही उलगडा झाला तो असा. तेरा म्हणजे तारीख नव्हे, ती रानातली भाजी. अळूच्या भावकीतली. आषाढात सगळं गाव मिळून एक दिवस ठरवतं, त्या दिवशी तेऱ्याची पानं देवापुढे ठेवतात, मग शिजवून खातात. त्याआधी रानात उगवलेली कुठलीही नवी भाजी तोंडात घालायची नाही. आणि हिराबाईने आम्हाला 'तेरा झाल्यावर या' म्हटलं होतं त्याचं कारण फुलं नव्हतंच. "पावन्याला वाढू काय मंग? नुसती चटनी?" असं तिने कपाळाला हात लावत विचारलं. लावणीतल्या साऱ्या बाया चिखलात उभ्या राहून पोट धरधरून हसल्या. आम्ही नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली, पठाराचं दर्शन काही झालं नाही, आणि भिजलेली गाठोडी होऊन घरी आलो. ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "बघितलीत फुलं?" मी सरळ ओली साडी बदलायला आत गेले, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं.

पण तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द राहिला. कुठल्याही गोष्टीची वेळ झाली का विचारायचं तर आक्का विचारायच्या, "तेरा झाला का?" भाचीच्या लग्नाची बोलणी लांबली, तेरा झाला नाही. कुकरची शिट्टी होत नाही, तेरा झाला नाही. हिराबाईने त्यांना तेऱ्याचा एक कंद दिला होता, तो त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला. बादलीत ते जे काही उगवायचं त्याची दरवर्षी आषाढात चार पानं खुडून आक्का साग्रसंगीत भाजी करायच्या. चिंच घालूनही घशाला खाजायची. आम्ही ती निमूट खायचो, नाहीतर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

भादव्यात मात्र पठार बघितलं, आणि मग दरवर्षी जात राहिलो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आक्कांची तशी सक्त ताकीद होती. एकदा कुणी मोबाइलवर त्याची रील टाकली की पुढच्या रविवारी तिथे मक्याची कणसं आणि वेफर्सची पाकिटं, हे आपण बाकीच्या डोंगरांवर बघितलंच आहे. आमचे हे सांगतात की आपला सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या रसाचा, थरावर थर बसत उंच झालेला. असेल. मला तो डोंगर उपडा घातलेला तवा वाटतो. काळाकुळकुळीत आणि सपाट. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही, चिमणीला बसायला झुडूप नाही. आणि त्याच काळ्या दगडावर, जिथे जिथे बोटभर माती साठली असेल तिथे तिथे, पाऊस ओसरता ओसरता फुलं येतात. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि जिथे पाणी झिरपतं तिथे सीतेच्या आसवांचा तो निळसर जांभळा... हिराबाई म्हणाली होती तोच पैठणीचा रंग. ढग खालून वर येतात, सगळं झाकतात, आणि पुन्हा सरकतात तेव्हा आपण मघाशी बघत होतो तेच हे का, असा संशय यावा इतकं वेगळं दिसतं. मला तिथे एका जागी बसून राहावंसं वाटायचं. पण आक्का बसू देतील तर शपथ! "ते पलीकडं बघ, तिकडं जास्त दिसतंय." पलीकडे गेलं की त्याच्याही पलीकडे. मी म्हणायचे, "आक्का, फुलं काही पळून चालली नाहीत." त्या म्हणायच्या, "अगं, चाललीच आहेत. आठ दिवसांनी ये आणि दाखव मला." त्यांचं बरोबर होतं, पण माझे पाय दुखायचे.

इतक्या वर्षांत आमचे हे एकदाही आले नाहीत. अंबडच्या कंपनीत असताना सुट्टी नव्हती, निवृत्त झाल्यावर पेपर होता. "दगडावरचं गवत बघायला घाट कशाला चढायचा? बाल्कनीत जास्वंद आहे की," हे त्यांचं ठरलेलं. आक्काही त्यांना आग्रह करत नसत. "त्याला राहू दे. तो लहानपणीसुद्धा जत्रेत पाळण्याखाली उभा राहायचा," एवढं बोलून निघायच्या. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा आक्कांचे गुडघे फार कुरकुरत होते. काठी टेकत, माझ्या खांद्यावर भार देत चढल्या आणि तरीही पलीकडचं, त्याच्याही पलीकडचं बघून आल्या. पठाराच्या एका टोकाला, कड्याच्या अलीकडे, एक खोलगट तुकडा आहे. तिथे सगळ्यात उशिरापर्यंत फुलं टिकतात. तिथपर्यंत काही त्या वर्षी जमलं नाही. उतरताना हिराबाईला म्हणाल्या, "पुढच्या साली तिकडं जाऊ. मी येतेच, वाट बघ." हिराबाई म्हणाली, "बघते."

आक्का गेल्या आणि ज्यांना ज्यांना कळवायचं त्या सगळ्यांना कळलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सायखेड्याकडचं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे दिवस, तेरावं, सगळं ह्यांनीच केलं. आक्कांची गिऱ्हाइकं आली, रडली, आपापली शिवायला टाकलेली कापडं घेऊन गेली. राहिली ती एक हिराबाई. तिच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता, पण तो कामाला गुजरातकडे गेलेला, फोन कायम बंद. मी रोज लावायचे, आणि रोज तीच बाई तेच वाक्य बोलायची. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "अगं, कळेल कधीतरी. ती काय आपल्या नात्यातली आहे का?" मी म्हटलं, "मग एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवू?" "पाठव की." पण मेल्याचा निरोप असा कसा पाठवणार? तो माणसानेच जाऊन सांगायचा असतो.

आणि मला चैन पडेना. स्वयंपाक करता करता गॅस बंद करून मी बाहेरच्या खोलीत यायचे आणि कशाला आले ते आठवायचं नाही. मी, जिला आक्का जागची हलत नाही म्हणून 'जातं' म्हणायच्या! गौरी-गणपती आले तसे गेले, आमच्याकडे यंदा काही नव्हतं. बाहेर ढोल वाजत होते आणि माझ्या डोक्यात एकच. आता वर सोनकी आली असेल. आता हिराबाई वाटेकडे बघत असेल. तिला सांगायला हवं, हे दिवसभर टोचायचं. पण खरं टोचणं वेगळंच होतं, आणि ते मी ह्यांनाही बोलले नाही. सांगू नये असं मला वाटत होतं. सगळ्या जगात एक बाई अशी होती की जिच्या लेखी आक्का पंचवटीत मशीनवर बसलेल्या आहेत, जिच्याकडे आक्का अजून येणार आहेत. मी जाऊन तोंड उघडलं की तेही संपणार. एका घटकेला वाटायचं, आत्ता निघावं. दुसऱ्या घटकेला वाटायचं, राहू दे, तिची तरी आक्का राहू दे. अशी मी दिवस ढकलत होते, आणि तिकडे फुलांचे दिवस संपत आले होते.

एका सकाळी चहा पिताना ह्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "पेठची बस किती वाजता असते?" मी बघतच राहिले. तेराव्यापासून त्यांचंही काही खरं नव्हतं. पेपर हातात, आणि माणूस या खिडकीतून त्या खिडकीत. मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर ते पुन्हा खुर्चीत बसले असते.

आम्ही पोचलो तेव्हा हिराबाई अंगणात होती. लांबूनच माझ्याकडे बघून हसली, मग माझ्या मागे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "हे कोन? भाऊ का?" म्हणाली. "आनि आक्का कुठं? मागं राहिली का? गुडघं धरलं वाटतं." आख्ख्या प्रवासात मी वाक्य जुळवत आले होते. सरळ 'वारल्या' म्हणवेना, म्हणून मी आपलं आडून आडून म्हटलं, "हिराबाई, आक्कांचं... तेरावं झालं. श्रावणात."

हिराबाई मोठ्याने हसली. "शिरावनात? लय उशीर केला यंदा! आमचा तेरा तं आषाढातच झाला. बादलीतला हाय ना, पानं बारीक राहिली आसतील. बसा, बसा, म्या भाजी करते."

त्यांच्याकडे मेल्यामागच्या विधीला 'दिस' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून आमचा शब्द गेला आणि तिच्या कानात तिचा शिरला. ती चुलीकडे वळलीसुद्धा होती. मला हसू फुटलं, इतकं अनावर की मला माझीच लाज वाटली. आता हिला हाक मारून थांबवायचं कसं? तेवढ्यात हे पुढे झाले. ज्यांनी स्मशानात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते हिराबाईसमोर उभे राहून म्हणाले, "बाई, माझी ताई गेली."

हिराबाई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ती परत आमच्याजवळ आली. मग "कवा?" म्हणाली. मी सांगितलं. "आनि मला आता सांगता?" तिचा आवाज चढला. "येवढं दिस? माझी कोनीच नव्हती का ती?" मी फोनचं सांगायला लागले तर हाताने मला गप्प केलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि म्हणाली, "चला वर."

गुरं पुढे घालून ती चढायला लागली आणि आम्ही मागून. हे धापा टाकत होते, पण थांबू या म्हणाले नाहीत. वर पोचलो तर पठार जवळपास संपलेलं होतं. सोनकी सुकून तपकिरी पडलेली, तेरड्याच्या शेंगा फुटून गेलेल्या, जिकडेतिकडे गुरांनी चरून खुरटं केलेलं गवत. मला वाटलं, झालं, उशीर झाला. हिराबाई मागे न बघता चालत कड्याच्या अलीकडे गेली, त्या खोलगट तुकड्यापाशी. आत जायच्या वाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या आडव्या रचून ठेवल्या होत्या. आणि त्या फांद्यांच्या पलीकडे सगळं तसंच होतं. पिवळं, गुलाबी, आणि ओलाव्याच्या कडेने तो निळसर जांभळा. एक काडी कुणी तोडलेली नव्हती.

"गावातली मानसं भांडली माझ्याशी," हिराबाई म्हणाली. "गवत वाया चाललंय म्हनं. म्या म्हनलं, नाशिकची आक्का येऊन बघून जाऊ दे, मंग सोडा गुरं. आज येल, उद्या येल म्हनून ठेवलं."

आणि ती वाकली आणि फांद्या ओढायला लागली.

"हिराबाई, आजचा दिवस तरी राहू द्या," मी म्हटलं. मला तिचा हात धरायचा होता.

"कुनासाठी ठेवू?" तिने मान वर न करता विचारलं.

ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी वाकून फांद्या बाजूला करायला लागले. बोटांत काटे शिरले तरी ते थांबले नाहीत. वाट मोकळी झाल्यावर हिराबाईने जिभेने टक टक आवाज केला. पहिली तांबडी गाय जरा घुटमळली, वास घेतला आणि आत शिरली. तिच्यामागून बाकीची गुरं गेली. माना खाली घालून ती फुलांमधलं गवत चरायला लागली, आणि पाठीमागून हिराबाईचा रडण्याचा आवाज आला. आता आक्का गेल्या हे माहीत नसलेलं कुणीही उरलं नव्हतं. मी तिथेच दगडावर बसले आणि श्रावणापासून आलं नव्हतं ते सगळं रडू मला आलं.